'व्हेनिसचा कार्निव्हल' आणि पितळी वाद्याचे एकलवादन : स्वरूप, तंत्र व मूल्यमापन

भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध आणि घन असे चार वर्ग सांगितले आहेत. त्यांपैकी सुषिर वर्गातील जी वाद्ये मराठी समाजाच्या नित्य परिचयाची आहेत, त्यांचे दोन गट सहज पडतात. बासरी, सनई, सुंद्री ही गाणारी वाद्ये होत; शिंग, कर्णा, तुतारी ही पुकारणारी. पहिल्या गटाला देवघरात आणि मैफलीत स्थान मिळाले, दुसऱ्या गटाला वेशीवर, रणांगणावर आणि मिरवणुकीच्या अग्रभागी. केशवसुतांनी १८९३ मध्ये 'तुतारी' ही कविता लिहिली, तेव्हा त्यांनी या वाद्याची निवड त्याच्या पुकारण्याच्या गुणासाठीच केली होती. तुतारीकडून आलापाची किंवा तानेची अपेक्षा मराठी रसिकाने कधी केली नाही, आणि ती न करण्यात त्याची काही चूक झाली असे म्हणता येत नाही. त्या वाद्याच्या घडणीतच तसे करण्याची सोय नाही.

युरोपातील पितळी वाद्यांची स्थितीही दीर्घ काळ याहून फारशी निराळी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र या वाद्यांत एक यांत्रिक सुधारणा झाली आणि पुकारणारे वाद्य गाऊ लागले. ते केवळ गाऊ लागले असे नव्हे, तर गळ्याला आणि व्हायोलिनलाही अवघड वाटावे असे काही करून दाखवण्याची ईर्ष्या त्याच्या वादकांत निर्माण झाली. या ईर्ष्येतून पितळी वाद्य आणि पियानो यांच्यासाठी कौशल्यप्रधान एकलरचनांचा एक स्वतंत्र प्रकार उदयास आला. झाँ-बाप्तिस्त आर्बां (१८२५–१८८९) या फ्रेंच वादकाची 'व्हेनिसचा कार्निव्हल' ही रचना त्या प्रकाराचा सर्वपरिचित नमुना होय. तिच्या आधारे या प्रकाराचे स्वरूप, त्यामागचे वाद्यशास्त्र आणि भारतीय, विशेषतः मराठी, कानांनी त्याचे मूल्यमापन कसे करावे हा प्रश्न, यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नळी, ओठ आणि तीन कळा

पितळी वाद्यात स्वर निर्माण करणारा घटक म्हणजे वादकाचे ओठ. सनईत पात असते, बासरीत हवेचा झोत छिद्राच्या कडेवर आपटतो. तुतारीत किंवा ट्रम्पेटमध्ये यांपैकी काहीच नसते. ओठ कंप पावतात आणि नळीतील हवेचा स्तंभ त्या कंपाला ठरावीक स्वरांवरच साथ देतो. वर्गीकरणाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट हीच आहे. सॅक्सोफोन पितळेचा असूनही पातीवर वाजतो, म्हणून तो या वर्गात मोडत नाही.

नळी ज्या स्वरांना साथ देते ते मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंपनसंख्येचे असतात. खालच्या पट्टीत ते एकमेकांपासून दूर असतात: षड्ज, त्यावर पंचम, मग तार षड्ज, मग गांधार, पुन्हा पंचम. सलग सप्तक हवे असल्यास आठव्या उपस्वराच्या वर जावे लागते, आणि तेथे ओठांना फार श्रम पडतात. तुतारीची ललकारी षड्ज-पंचमांतच घुटमळते, याचे कारण हे आहे. युरोपात अठराव्या शतकापर्यंत काही असामान्य वादक त्या उंच प्रदेशात लीलया विहार करीत, हे खरे. परंतु ती मोजक्यांची विद्या होती आणि कालांतराने ती मागे पडली.

प्रशियात १८१८ मध्ये श्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल या दोघांनी व्हॉल्व्हच्या युक्तीचे स्वामित्व मिळवले. त्यामागील तर्क अत्यंत सुबक आहे. कळ दाबली की नळीला एक जोडनळी जोडली जाते, लांबी वाढते आणि स्वर उतरतो. मधली कळ स्वर एका अर्धस्वराने उतरवते, पहिली दोन अर्धस्वरांनी आणि तिसरी तीन अर्धस्वरांनी. या तीन कळांच्या निरनिराळ्या जोडण्यांनी एकापासून सहापर्यंत कितीही अर्धस्वर उतरता येते. वाद्याच्या प्रत्यक्ष उपयोगातील सर्वांत मोठी पोकळी षड्ज आणि पंचम यांच्यामधली असते, आणि तिच्यात नेमके सहाच अर्धस्वर येतात. म्हणजे तीन कळांनी सारी रिकामी जागा भरून निघते. चौथ्या कळेची गरज उरत नाही. १८३०च्या सुमारास पॅरिसमध्ये टपालगाडीच्या लहान शिंगाला अशा कळा बसवून 'कॉर्नेट' हे वाद्य तयार झाले. त्याची नळी ट्रम्पेटपेक्षा अधिक निमुळती असल्याने त्याचा आवाज मृदू आणि चपळ हालचालीस अनुकूल असतो. आर्बांचे वाद्य हेच.

या सुबक तर्कात एक खोट मात्र राहून गेली आहे, आणि पुढील विवेचनाच्या दृष्टीने ती ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. ट्रम्पेटची नळी सुमारे १४८ सेंटिमीटर असते. अर्धस्वर उतरण्यासाठी तिच्यात सुमारे ९, दोन अर्धस्वरांसाठी १८ आणि तिनांसाठी २८ सेंटिमीटर लांबी वाढवावी लागते. तिन्ही कळा एकदम दाबल्यास एकूण वाढ ५५ सेंटिमीटर होते. पण सहा अर्धस्वर उतरण्यासाठी ६१ सेंटिमीटर लागतात. स्वरांची पायरी बेरजेने नव्हे, तर गुणोत्तराने चालते, त्याचा हा परिणाम. कमी पडलेल्या सहा सेंटिमीटरांमुळे तो स्वर चढा लागतो, आणि तो खाली आणण्याचे काम तिसऱ्या कळेच्या सरकत्या नळीने, नाही तर ओठांनी करावे लागते. कळ दाबली म्हणजे स्वर मिळाला, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे ती पितळी वाद्यांच्या बाबतीत खरी नाही.

आर्बां आणि त्यांची रचना

आर्बां मूळचे लिओं शहरातले. पॅरिसच्या संगीत महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले आणि १८६९ मध्ये तेथेच ते कॉर्नेटचे प्राध्यापक झाले. तत्पूर्वी १८६४ मध्ये त्यांनी कॉर्नेटवादनाचा बृहद् पाठग्रंथ प्रसिद्ध केला होता. हा ग्रंथ आजही जगभरचे ट्रम्पेटवादक वापरतात. शिक्षणाच्या इतिहासात इतके दीर्घायुष्य लाभलेले पाठ्यपुस्तक विरळाच. ग्रंथाचा बहुतेक भाग रुक्ष आहे: ओठ कसे ठेवावेत, जीभ कोठे लावावी, कोणती स्वरावली किती वेळा म्हणावी. अखेरीस मात्र बारा एकलरचना दिल्या आहेत आणि त्यांतील बारावी 'व्हेनिसचा कार्निव्हल' ही आहे. आधीच्या शेकडो पृष्ठांतील प्रत्येक पाठाची कसोटी येथे लागते. ही रचना प्रथमतः एक परीक्षा आहे आणि नंतर मैफलीची वस्तू, हे तिचे उगमस्थान विसरून तिच्याकडे पाहिल्यास तिचा अर्थ नीट लागत नाही.

मूळ चाल आर्बां यांची नव्हे. ती इटलीतील एक लोकप्रिय चाल आहे. पागानिनीने १८२९च्या सुमारास तिच्यावर व्हायोलिनसाठी रूपभेद रचले आणि तेव्हापासून ती कौशल्याची सार्वत्रिक फूटपट्टी बनली. बासरी, डबल बास, पुढे युफोनियम आणि ट्युबा, जवळजवळ प्रत्येक वाद्याच्या वादकाने याच चालीवर आपले बळ आजमावले आहे. जर्मन मुले ती तीन कोपऱ्यांच्या टोपीचे गाणे म्हणून गातात, इतकी ती साधी आहे.

एवढी साधी चाल का निवडली जाते? सहा मात्रांच्या झुलत्या लयीत चालणाऱ्या या चालीला आधार म्हणून अवघ्या दोन स्वरसंहती पुरतात: एक षड्जावरची, एक पंचमावरची. त्या आळीपाळीने येतात. एकदा ऐकली की चाल श्रोत्याच्या मनात स्वतःच चालू राहते, आणि मग वादकाने तिच्यावर काहीही रचले तरी श्रोता हरवत नाही. भारतीय रसिकाला हे तत्त्व अपरिचित नाही. तबल्याच्या एकलवादनात किंवा कथकात सारंगीवर अथवा हार्मोनियमवर जो लहरा धरलेला असतो, त्याचे कार्य हेच असते. लहरा जितका साधा, तितका तबलजीला मोकळेपणा अधिक. फरक एवढाच की, तबल्याचा लहरा दुसरा वादक प्रत्यक्ष वाजवीत असतो, तर येथे चालीचा लहरा बराचसा श्रोत्याच्या स्मरणात वाजतो आणि पियानो त्याचा केवळ सांगाडा दाखवतो.

रचनेत प्रारंभी एक प्रास्ताविक येते, मग मूळ चाल साधेपणाने मांडली जाते आणि त्यानंतर एकामागून एक रूपभेद येतात. प्रत्येक रूपभेदात अवघडपणा एकेका पायरीने वाढत जातो. अखेरच्या टप्प्यात वादक एक असूनही दोघे वाजवीत असल्याचा भास होतो. चालीचे स्वर एका पट्टीत ठेवून त्यांच्या मधल्या फटींत दुसऱ्या पट्टीतील जलद स्वर पेरले जातात, आणि कान आपोआप त्यांचे दोन प्रवाह करतो. सतारीच्या झाल्यात रागाचे स्वर आणि चिकारीचे आघात असेच वेगळे ऐकू येतात. पण सतारीला चिकारीची तार स्वतंत्र असते. कॉर्नेटला नळी एकच आणि ओठांची जोडीही एकच. प्रत्येक उडीला ओठांचा ताण बदलावा लागतो, तोही सेकंदाच्या अल्प अंशात.

जिभेचे व्याकरण

वेगाचा प्रश्न सामान्यतः बोटांचा मानला जातो. पितळी वाद्यात तो प्रथम जिभेचा आहे. तुटक स्वर वाजवताना प्रत्येक स्वराच्या आरंभी वादक 'तु' असा उच्चार करतो, म्हणजे जिभेचे टोक दातांमागे लागून सुटते. एकच स्नायू पुनःपुन्हा हलवण्याच्या गतीला शरीराची मर्यादा आहे, आणि आर्बां यांच्या रूपभेदांची गती तिच्या पलीकडची आहे. उपाय असा, की जिभेच्या टोकाबरोबर तिचा मागचा भागही कामाला लावायचा: 'तु-कु, तु-कु' अशी दुहेरी जीभ आणि 'तु-तु-कु' अशी तिहेरी. टोक पुढे आघात करीत असताना मागचा भाग पुढच्या आघाताच्या तयारीत असतो.

मराठी वर्णमाला शिकलेल्या वाचकाला हे समजावून सांगण्यासाठी आकृतीची गरज नाही. 'त' दंत्य आहे, 'क' कंठ्य. आपल्या परंपरेने वर्णांची मांडणी उच्चारस्थानानुसार केली असल्यामुळे युरोपीय विद्यार्थ्याला जे यंत्र म्हणून शिकावे लागते ते येथे बाराखडीतच दडलेले आहे. तबल्याचा 'तिरकिट' आणि कर्नाटक परंपरेतील कोन्नक्कोलचे 'तकिट', 'तकधिमि' हे बोल म्हणजे उच्चारस्थान बदलून गती साधण्याचेच उपाय होत. बेंगळुरू किंवा म्हैसूरच्या मुलाने लहानपणी कोन्नक्कोल ऐकले असेल, तर तिहेरी जिभेचा पाठ त्याला परका वाटण्याचे कारण नाही. अडचण मात्र दोन्हीकडे एकच येते. 'क' हा 'त'पेक्षा दुबळा पडतो आणि स्वर लंगडत चालल्यासारखे वाटतात. म्हणून जाणते शिक्षक कित्येक दिवस नुसत्या 'कु'चाच रियाज करून घेतात. ऐकणाऱ्याला जी चपळाई भासते ती वस्तुतः दोन असमान आघातांमधील समानता असते.

पियानोचे स्थान

अशा रचनेत पियानोला 'साथ' म्हणून बाजूला सारण्याची प्रथा आहे. ती योग्य नाही. पियानोची येथे तीन कामे आहेत आणि त्यांतले एक निव्वळ शारीरिक आहे. ओठांभोवतीचा स्नायू सतत ताणाखाली राहिला की काही मिनिटांत थकतो. थकलेला ओठ कंप पावत नाही. त्यामुळे दोन रूपभेदांच्या मध्ये पियानो काही मात्रा एकटाच वाजतो. श्रोत्याला हे अंतर अलंकारासारखे वाटते, वादकासाठी ते रक्ताभिसरणाचे अंतर असते. या रचनाप्रकाराचा आकृतिबंध बऱ्याच अंशी ओठांच्या स्नायूंनी ठरवला आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. उलट उदाहरण शुमानचे. त्याने १८४९ मध्ये कळांच्या हॉर्नसाठी आणि पियानोसाठी जी संथ-द्रुत जोडरचना लिहिली, तिच्या संथ भागात तानबाजी मुळीच नाही. तरीही हॉर्नवादक तिला वचकून असतात, कारण तीत ओठ टेकायला जागा अगदी अल्प ठेवली आहे. तानेपेक्षा विसाव्याचा अभाव अधिक कठीण ठरू शकतो.

पियानोचे दुसरे काम लय आणि स्वरसंहती यांचा आधार देण्याचे, ते उघडच आहे. तिसरे मात्र अधिक गुंतागुंतीचे आहे. पियानो स्वरांचा न्यायाधीश असतो. त्याचे बारा अर्धस्वर समान अंतरावर पक्के केलेले असतात. पितळी नळीचा पाचवा उपस्वर, म्हणजे गांधार, निसर्गतः पियानोच्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंटांनी उतरलेला असतो (एका अर्धस्वराचे शंभर भाग केल्यास एका भागाला सेंट म्हणतात), आणि सातवा उपस्वर सुमारे ३१ सेंटांनी. तंबोरा जुळला की त्यातून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, तोच हा पाचवा उपस्वर होय. ज्या गांधारासाठी आपला गवई डोळे मिटून तंबोऱ्याला कान देतो, तोच गांधार ट्रम्पेट आपण होऊन देऊ करतो, आणि शेजारचा पियानो तो नाकारतो. कॉर्नेटवादकाला मग प्रत्येक दीर्घ गांधार ओठांनी किंचित वर उचलावा लागतो. तीन कळांच्या जोडीने चढलेला स्वर उतरवायचा आणि निसर्गाने उतरलेला स्वर चढवायचा, ही दुहेरी कसरत वेगवान तानांच्या खालून अखंड चालू असते.

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी श्रुतींच्या मापनाचा आणि श्रुति-हार्मोनियमचा जो खटाटोप केला, त्याच्या मुळाशी हाच गांधार होता. पुढे १९४० मध्ये नभोवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती तीन दशके टिकली, त्यामागेही हीच तक्रार होती. मात्र त्या वादात हार्मोनियम नको असे म्हणण्याची सोय होती. पितळी वाद्याच्या एकलरचनेत पियानो काढून टाकता येत नाही; वादकालाच त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते.

दक्षिणेतील एक धागा

बेंगळुरूच्या पूर्वेस के. आर. पुरम, म्हणजे कृष्णराजपुरम, हे उपनगर आहे. चेन्नईकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हे स्थानक. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजची वसाहत त्याला लागून. पुढे व्हाइटफील्ड. तेथे १८८२ मध्ये चामराज वाडियार यांनी दिलेल्या जमिनीवर अँग्लो-इंडियन कुटुंबांची वस्ती उभारण्यात आली. रेल्वे, छावणी आणि अँग्लो-इंडियन समाज ही भारतातील पितळी वाद्यांच्या प्रसाराची तीन प्रमुख केंद्रे होती, आणि ही तिन्ही बेंगळुरूच्या या बाजूस एकमेकांच्या हाकेवर होती. उपनगराच्या नावातील 'कृष्णराज' हे नाव म्हैसूरच्या वाडियार घराण्यातले.

या घराण्याच्या आणि मराठ्यांच्या इतिहासाची गाठ बेंगळुरूतच पडते. शहाजीराजांची जहागीर एकोजींकडे आली. त्यांनी तंजावर घेतल्यावर बेंगळुरू चिक्कदेवराज वाडियार यांना विकण्याचा सौदा केला. मध्येच १६८७ मध्ये मोगलांनी शहर घेतले, पण अखेर ते म्हैसूरकडेच गेले. संगीताच्या दृष्टीने योगायोगाची गोष्ट अशी, की पुढे पाश्चात्त्य वाद्यमेळाला आश्रय देणारे दोन ठळक दरबार हेच: एकोजींच्या वंशजांचे तंजावर आणि वाडियारांचे म्हैसूर. दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८–१८३२) हे ख्रिस्ती धर्मोपदेशक श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली शिकले होते. त्यांच्या दरबारात पाश्चात्त्य पद्धतीचा बँड होता आणि त्यांच्या संग्रहातील पाश्चात्त्य संगीताची हस्तलिखिते सरस्वती महालात आढळतात. त्याच काळात मुत्तुस्वामी दीक्षितर यांनी इंग्रजी बँडच्या चालींवर संस्कृत रचना बांधल्या. त्या 'नोट्टुस्वर' म्हणून प्रसिद्ध आहेत. पितळी वाद्याची चाल ऐकून तिला आपल्या सुरांत बसवण्याचा हा प्रयत्न आर्बांच्या जन्माच्या आसपासचा आहे, हे लक्षणीय होय.

म्हैसूरचे जयचामराज वाडियार (१९१९–१९७४) यांचा ओढा पियानोकडे होता. रशियन रचनाकार मेट्नर याच्या कृतींच्या ध्वनिमुद्रणाचा खर्च त्यांनी १९४०च्या दशकात उचलला, आणि मेट्नरने आपला तिसरा पियानो कॉन्चेर्तो त्यांना अर्पण केला. राजवाड्याच्या बँडचे फळ निराळ्याच ठिकाणी लागले. कद्री गोपालनाथ (१९४९–२०१९) यांनी सॅक्सोफोन प्रथम ऐकला तो या बँडमध्ये, आणि पुढे त्यांनी तो कर्नाटक मैफलीत आणला. सॅक्सोफोनला गमक साधले. कळांच्या ट्रम्पेटला ते तसे साधत नाही, कारण कळ स्वर तोडते आणि गमकाला स्वर वाकवावा लागतो. स्वर सरकवण्याची खरी सोय ट्रॉम्बोनच्या सरकत्या नळीत आहे.

मुंबईतील गोमंतकीय

पितळी वाद्याचे कौशल्य मराठी कानांपर्यंत पोहोचले ते मैफलीतून नव्हे, चित्रपटांतून. गोव्यातील चर्चला जोडलेल्या पाठशाळांत मुलांना स्वरलिपी आणि वाद्ये शिकवली जात. तेथून बाहेर पडलेले वादक संस्थानांच्या बँडमध्ये, मुंबईच्या हॉटेलांत आणि पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आले. आल्दोना गावचे आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट (१९१६–१९६७) हे त्यांपैकी ट्रम्पेटवादक. पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्र यांनी, भगवानदादांच्या 'अलबेला'ला (१९५१) जे संगीत दिले, त्यातील पाश्चात्त्य ढंगामागे चिक चॉकलेट यांचा हात होता. फ्रँक फर्नांड हेही ट्रम्पेटवादक. त्यांनी पुढे 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मोण' (१९६६) हे कोंकणी चित्रपट काढले.

या वादकांना चित्रपटात मिळणारी जागा आठ-सोळा मात्रांची असे. गीताच्या दोन कडव्यांमधली ती जागा म्हणजे 'व्हेनिसचा कार्निव्हल'मधील रचना उलटी केल्यासारखी आहे. आर्बांच्या रचनेत कॉर्नेटला विसावा देण्यासाठी पियानो वाजतो. चित्रगीतात गायकाला विसावा देण्यासाठी ट्रम्पेट वाजतो. तंत्र तेच, जीभ तीच, पण मालकी बदलली. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संगीतकाराचे आणि गीतकाराचे नाव येई, वादकाचे सहसा येत नसे. परिणामी ज्या तुकड्यावरून गाणे ओळखले जाते, तो वाजवणाऱ्याचे नाव श्रोत्याला ठाऊक नाही, अशी स्थिती कित्येक गाण्यांबाबत निर्माण झाली. मराठी संगीतसमीक्षेने बँडकडे वरातीचा गोंगाट म्हणून पाहिले आणि चित्रपटातील वाद्यवृंदाकडे पाहिलेच नाही, ही उणीव स्पष्टपणे नोंदवली पाहिजे.

मूल्यमापनाचा प्रश्न

'नुसती तयारी आहे, विचार नाही' हा आपल्याकडील नेहमीचा अभिप्राय. बालगंधर्वांचा भाव आणि दीनानाथांची चपळ, पेचदार तान यांच्या तुलनेत नाट्यसंगीताच्या रसिकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या घोळवला आहे. आर्बांच्या रचनेला तो लावणे फार सोपे आहे. दोन स्वरसंहती, एक पोरकट म्हणावी अशी चाल आणि वाढती गती. तीत विचार कोठे आहे?

या आक्षेपात तथ्य आहे, परंतु तो अपुरा आहे. गायनात गळ्याची तयारी कशाचे तरी साधन असते, कारण गळा आधीपासून गाऊ शकतो. पुकारणाऱ्या वाद्याला गाता येते हे सिद्ध करणे, हाच येथे विषय आहे. म्हणून खरी कसोटी वेग ही नाही, तर वेगातून मूळ चाल ऐकू येते की नाही, ही आहे. अखेरच्या रूपभेदात उडणाऱ्या स्वरांच्या आतून ती झुलती चाल अखंड आणि समान वजनाने ऐकू आली, तर वादक उत्तीर्ण. नाही तर कितीही जलद वाजवले तरी तो केवळ व्यायाम ठरतो. विंटन मार्सालिस यांनी ईस्टमन वाद्यवृंदाबरोबर ध्वनिमुद्रित केलेला या प्रकारच्या रचनांचा संच १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ही गोष्ट स्पष्ट ऐकू येते. त्याच संचात पागानिनीची अखंड गतीची रचना त्यांनी नाकाने श्वास घेत आणि गालांत साठवलेली हवा सोडत न थांबता वाजवली आहे. सनई आणि नागस्वर वाजवणाऱ्यांना ही श्वासक्रिया घरचीच आहे.

आक्षेपाला रचनाकारांकडूनही उत्तर मिळाले, तेही त्याच पॅरिसच्या महाविद्यालयातून. वार्षिक परीक्षेसाठी नवी रचना लिहून घेण्याची तेथे प्रथा होती. १९०६ मध्ये रुमानियाचे जॉर्ज एनेस्कू यांनी ट्रम्पेटचे प्राध्यापक मेरी फ्रांकँ यांच्यासाठी 'लेजांद', म्हणजे 'आख्यायिका', ही ट्रम्पेट आणि पियानोसाठीची रचना लिहिली. तीत दुहेरी-तिहेरी जीभ आहे, अर्धस्वरांच्या भोवऱ्यासारख्या तानाही आहेत. परंतु त्या कोणत्याही परिचित चालीवर चढवलेल्या नाहीत. रचना हळुवारपणे सुरू होते, मध्ये उसळते आणि अखेरीस ट्रम्पेटच्या तोंडाला मूक लावून, दबलेल्या आवाजात विरते. परीक्षकापुढे शेवटचा ठसा वेगाने नव्हे, तर अगदी मंद स्वराने उमटवायचा आहे. थकलेल्या ओठांनी मंद स्वर धरणे हे जलद तानेपेक्षा कठीण असते. येथे पियानोही सांगाडा राहत नाही. गडद स्वरसंहतींनी तो आख्यायिकेचे वातावरण उभे करतो आणि ट्रम्पेट त्यातून बोलतो. तुतारी ते 'लेजांद' या प्रवासात वाद्य आधी पुकारू लागले, मग गाऊ लागले आणि येथे ते पुटपुटू लागले आहे.

आज भारतात या रचना ज्यांच्या हाती पडतात ते बहुतांशी परीक्षार्थी असतात. लंडनच्या ट्रिनिटी महाविद्यालयासारख्या संस्थांच्या श्रेणीपरीक्षा भारतात दीर्घ काळ घेतल्या जात आहेत, आणि त्यांत पितळी वाद्याच्या विद्यार्थ्याला पियानोच्या साथीने रचना सादर करावी लागते. के. आर. पुरमसारख्या उपनगरात ट्रम्पेट मिळतो, शिक्षकही मिळू शकतो. आठवड्यातून दोनदा सोबत बसणारा पियानोवादक मिळणे कठीण. मग ध्वनिमुद्रित साथीवर सराव होतो. 'व्हेनिसचा कार्निव्हल'च्या बाबतीत हे एक वेळ निभते, कारण तेथील पियानो ठरलेल्या मात्रांत चालतो. तरी प्रास्ताविकातील मुक्त जागी, जेथे वादकाने एखादा स्वर धरून ठेवायचा आणि पियानोने त्याची वाट पाहायची, तेथे ध्वनिमुद्रण पुढे निघून जाते. 'लेजांद'मध्ये तर अशा जागा पानोपानी आहेत. ध्वनिमुद्रित पियानोवर तयारी केलेला विद्यार्थी परीक्षेच्या दिवशी प्रथमच माणसाबरोबर वाजवतो, आणि आपण स्वर धरला तर समोरचा थांबतो, हे त्याला त्या खोलीत कळते.